क्वांटम डॉट सोन्यावर ठेवले, लाइफटाइम घटला पण उजेडही घटला, याला पर्सेल इफेक्ट म्हणायचं का?

काजवा_एमएस्सी

नमस्कार मंडळी, एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्टमध्ये पार अडकलोय. विषय आहे नॅनोपार्टिकल वापरून क्वांटम डॉटचा, म्हणजे काही नॅनोमीटरच्या चमकणाऱ्या अर्धवाहक स्फटिकाचा, उजेड वाढवणे. डॉट आहेत कॅडमियम सेलेनाइडचे, वर झिंक सल्फाइडचं कवच, ६२० नॅनोमीटरला लाल चमकतात, टोल्युइनमध्ये आहेत. क्वांटम यील्ड (शोषलेल्या फोटॉनपैकी किती फोटॉन बाहेर पडतात) रोडामाइन या रंगद्रव्याशी तुलना करून काढलं ते ५० टक्क्यांच्या आसपास आलं. सोन्याचे कण गोल, ६० नॅनोमीटरचे, काचेवर बसवलेले. लेसर ५३२ चा.

पहिला सँपल केला त्यात डॉट सरळ सोन्याच्या कणांवर स्पिन कोट केले (काच गरगर फिरवून पातळ थर दिला). नुसत्या काचेवर लाइफटाइम (लेसर मारल्यावर चमक ओसरायला लागणारा वेळ) १८ नॅनोसेकंद होता तो इथे ३ वर आला, मी खूश, कारण सगळीकडे लिहिलेलं असतं की नॅनोस्ट्रक्चरजवळ डॉट लवकर प्रकाश टाकतो आणि लाइफटाइम घटणं हीच पर्सेल इफेक्टची, म्हणजे भोवतालच्या रचनेमुळे प्रकाश टाकायचा वेग वाढण्याची, खूण. पण पीएल, म्हणजे डॉटचा उजेड, बघितलं तर काचेच्या मानाने पाचवा हिस्सा!! मग गाइड म्हणाले मध्ये स्पेसर, म्हणजे अंतर राखणारा थर टाक, म्हणून पीएमएमए या प्लास्टिकचा पातळ थर दिला आणि त्यावर डॉट. आता पीएल काचेच्या तिप्पट आलं पण लाइफटाइम १५, म्हणजे जवळपास होता तिथेच. मित्र म्हणतो पहिलाच खरा पर्सेल, दुसऱ्यात नुसतं डॉट जास्त बसले असतील. गाइड म्हणतात दुसरा टाक रिपोर्टमध्ये, ग्राफ चांगला दिसतो. मला दोन्ही पटेना. पुढच्या महिन्यात व्हायवा आहे, कोणीतरी नीट समजावून सांगा प्लीज.

खडू_डस्टर

चकाकतं ते सगळं सोनं नसतं हे ऐकलं होतं, तुझ्याकडे सोनं आहे आणि तेच चकाकत नाहीये 😄

असो. अरे, मी तीसेक वर्षं बीएस्सीच्या पोरांना शिकवलंय तेव्हा वर्गाच्याच भाषेत सांगतो. एक डॉट म्हणजे एक वर्ग समज, आणि त्यात पोरगं एकच. लेसर त्या पोराला वर्गात ढकलतो. वर्गाला दारं दोन. पुढचं दार मैदानात उघडतं, तिथून बाहेर पडलं की फोटॉन. मागचं दार अडगळीच्या बोळात, तिथून गेलं की नुसती उष्णता, आपल्याला दिसत नाही. आता तू लाइफटाइम मोजतोस म्हणजे काय करतोस, तर मैदानात उभा राहून घड्याळात बघतोस की वर्ग किती वेळात रिकामा होतोय. पण वर्ग रिकामा व्हायचा वेग हा दोन्ही दारांचा मिळून असतो!! मागचं दार कोणी सताड उघडलं तरी वर्ग लवकरच रिकामा होणार, फक्त मैदानात पोरं कमी दिसणार. तुझ्या पहिल्या सँपलमध्ये हेच झालंय. सोन्याने मागचं दार उघडलं.

पटत नसेल तर तुझ्याच आकड्यांवर हिशोब कर, यात पेपर वगैरे वाचायची गरज नाही. काचेवर १८ नॅनोसेकंद, म्हणजे एकूण वेग एक भागिले अठरा, ०.०५६ दर नॅनोसेकंदाला. यील्ड ५० टक्के म्हणून त्यातलं अर्धं, ०.०२८, पुढच्या दाराचं आणि तेवढंच मागच्या. आता सोन्यावर ३ नॅनोसेकंद म्हणजे एकूण ०.३३. उजेड पाचवा हिस्सा, तर लेसर तेवढाच शोषला जातोय आणि लेन्स तेवढाच गोळा करतेय असं धरलं तर यील्ड ५० चं १० टक्के झालं. ०.३३ चे १० टक्के ०.०३३, हे पुढचं दार. उरलेलं ०.३० मागचं. म्हणजे पुढचं दार ०.०२८ चं ०.०३३ झालं, हे तर मोजमापाच्या चुकीतच जाईल, आणि मागचं दसपटीच्या वर वाढलं. याला पर्सेल म्हणायचं म्हणजे घागर फुटली आणि पाणी पटकन संपलं म्हणून टाळ्या वाजवायच्या.

आता दुसरा सँपल. उजेड तिप्पट. ५० टक्क्याचं तिप्पट किती? १५०. एक पोरगं आत ढकललं तर मैदानात दीड पोरगं कसं येईल? तेव्हा दार कितीही रुंद केलंस तरी जास्तीत जास्त दुप्पट मिळेल, त्याच्या वरचं जे आहे ते दुसरीकडून आलंय. एकतर आत जाणारी पोरं वाढली, म्हणजे लेसर जास्त शोषला गेला, नाहीतर मैदानात उभा असलेल्या तुला आता जास्त पोरं दिसायला लागली, म्हणजे प्रकाश लेन्सकडे जास्त वळला. किंवा तुझा मित्र म्हणतो तसं वर्गच जास्त होते.

गोल सोन्याच्या कणांचा प्लाझमॉन, म्हणजे प्रकाशाने त्यातले इलेक्ट्रॉन एकत्र डोलणं, ५३० च्या आसपास असतो. तुझा लेसर ५३२. हा योगायोग नाही बरं का. कणाजवळ लेसरचं फील्ड वाढतं आणि डॉट जास्त शोषतो. डॉट चमकतो ६२० ला, तिथे गोल कणांचा जोर ओसरलेला असतो, म्हणून पुढचं दार फारसं रुंद होत नाही. तपासायचंय? ४०५ चा लेसर लाव. तिथे सोन्याचा प्लाझमॉन नाही, नुसतं शोषण आहे. वाढ गायब झाली तर ती लेसरच्या बाजूची होती.

काजवा_एमएस्सी

सर हे दीड पोरगं डोक्यात फिट्ट बसलं 🙏 हा हिशोब एवढा सोपा असेल असं वाटलंच नव्हतं. ४०५ चा लेसर शेजारच्या लॅबमध्ये आहे, मागून बघतो.

बीकर_बाई

हिशोब छान आहे पण मला आधी एक सांग, पीएमएमए च्या थरावर तू टोल्युइनमधले डॉट टाकलेस?? अरे टोल्युइनमध्ये पीएमएमए विरघळतं! तुझा स्पेसर जागेवर राहिलाय की डॉटसकट मिसळून त्याची खिचडी झालीय हे तुला माहीतच नाहीये. काही डॉट सोन्याला चिकटलेत, काही ५० नॅनोमीटर वर तरंगतायत, आणि तू सगळ्यांची सरासरी बघतोयस. १५ नॅनोसेकंद येण्याचं कारण हेही असू शकतं की बरेचसे डॉट सोन्यापासून इतके लांब आहेत की त्यांना सोन्याचा पत्ताच नाही.

पीव्हीए वापर, ते पाण्यात विरघळतं, टोल्युइन त्याला काही करत नाही. नाहीतर पॉलीइलेक्ट्रोलाइटचे एकावर एक थर दे, एक धन एक ऋण, प्रत्येक बुडवणीला एखाद-दोन नॅनोमीटर चढतात, कंटाळवाणं काम आहे पण अंतर आपल्या हातात राहतं. तुमच्याकडे एएलडी (अणूंचा एकेक थर चढवणारं) मशीन असेल तर ॲल्युमिना सगळ्यात उत्तम, नसेल तर रडत बसू नकोस, मीही बीकर आणि चिमट्यावरच पीएचडी केलीय.

अंतर का महत्त्वाचं ते पण सांगते. २००६ मध्ये रॉचेस्टरच्या नोव्होटनींच्या ग्रुपने ८० नॅनोमीटरचा एक सोन्याचा कण एकाच रेणूच्या जवळ जवळ नेत मोजलं होतं. जवळ जाताना उजेड वाढत वाढत जातो, साधारण ५ नॅनोमीटरला शिखर येतं, आणि त्याच्याही आत गेलं की धपकन पडतो. तुझ्या डॉटचं कवच आणि लिगँड (त्यावर चिकटलेले सेंद्रिय रेणू) मिळून जेमतेम दोन-तीन नॅनोमीटर होतात, म्हणजे स्पेसरशिवाय तू बरोब्बर दरीत उतरला होतास.

आणि खडू_डस्टर सर, एक छोटी दुरुस्ती सुचवू का? ५० टक्के यील्ड म्हणजे प्रत्येक डॉट अर्धा वेळ पुढच्या दाराने जातो असं असेलच असं नाही. हे डॉट ब्लिंक करतात, म्हणजे मध्येच बंद पडून पुन्हा चमकतात, १९९६ पासून माहितीये ते. शिवाय काही डॉट कायमचे मेलेले असतात. म्हणजे अर्धे वर्ग कुलूपबंद आणि उरलेल्या अर्ध्यांतून जवळपास सगळी पोरं मैदानात, असंही चित्र असू शकतं, आणि तसं असेल तर चांगल्या डॉटमध्ये पर्सेलला सुधारायला काही उरतच नाही. लाइफटाइमचा कर्व्हपण एका एक्स्पोनेन्शियलमध्ये बसत नसणार, बसतोय का रे? १८ हा आकडा कसा काढलास?

काजवा_एमएस्सी

ताई पीएमएमए चं खरंच लक्षात आलं नाही, लाज वाटली वाचून. कर्व्ह एकात नाही बसत, दोन घेतले आणि सरासरी काढली.

खडू_डस्टर

दुरुस्ती मान्य. कुलूपबंद वर्गांची गोष्ट आधी सांगायला हवी होती. तरी दीड पोरगं येत नाही ते नाहीच.

चार_केल्विन

उशिरा आले धाग्यावर, इकडे युरोपात आत्ता सकाळ झालीय. मी याच विषयात पण अगदी उलट्या टोकाला काम करते, गॅलियम आर्सेनाइडच्या आत वाढवलेले इंडियम आर्सेनाइडचे डॉट, हेलियममध्ये ४ केल्विनला, एका वेळी एकच डॉट. माझ्याकडे धातू नाही म्हणून मागचं दार जवळपास बंदच असतं, यील्ड शंभराच्या जवळ, तरी उजेड मिळत नाही! कारण वेगळंच आहे. गॅलियम आर्सेनाइडचा अपवर्तनांक ३.५, त्यामुळे पृष्ठभागाच्या लंबाशी १७ अंशांच्या आत येणारा प्रकाशच बाहेर पडतो, बाकीचा आतल्या आत आपटत राहतो. सपाट वेफर असेल तर वरच्या बाजूने फक्त २ टक्के. सरांच्या भाषेत, पोरं पुढच्या दाराने बाहेर आली पण मैदानाला भिंत आहे आणि तिला एक फट.

म्हणून आम्ही नॅनोस्ट्रक्चर करतो ते मुळात ही भिंत पाडायला. दोन रस्ते आहेत आणि लोक ते सारखे एकमेकांत मिसळतात म्हणून हा रिप्लाय लिहितेय. पहिला कॅव्हिटीचा, म्हणजे प्रकाश कोंडून ठेवणाऱ्या पोकळीचा. डॉटच्या वर-खाली गॅलियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियम आर्सेनाइडच्या पाव तरंगलांबीच्या जोड्या रचून आरसे करायचे आणि मग कोरून एक-दोन मायक्रॉन जाडीचा खांब काढायचा. फ्रान्समधल्या जेरार यांच्या ग्रुपने १९९८ मध्ये अशा खांबात डॉट पाचपट वेगाने चमकतो हे दाखवलं. इथे वेग खरोखर वाढतो, आणि वाढतो तो एकाच मोडमध्ये, म्हणून दिशाही आपोआप मिळते. दुसरा रस्ता नॅनोवायरचा, २०० नॅनोमीटर जाडीची वायर, टोकाला पेन्सिलीसारखी निमुळती. २०१० मध्ये ग्रेनोबलच्या लोकांनी त्यातून ७२ टक्के प्रकाश बाहेर काढला आणि गंमत म्हणजे त्यात पर्सेल जवळपास नाहीच! वायर इतकी बारीक की प्रकाशाला जायला तिच्या लांबीशिवाय दुसरी वाटच नाही. वेग तोच, उजेड कितीतरी पट. तेव्हा काजवा, उजेड वाढला आणि लाइफटाइम बदलला नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस, तोही रिस्पेक्टेबल परिणाम आहे, फक्त त्याला पर्सेल म्हणू नकोस.

दुसरी गोष्ट, क्यू भागिले व्ही. पर्सेलच्या सूत्रात क्यू (कॅव्हिटी किती नेमका रंग धरते ते) वर आणि प्रकाश कोंडलेला व्हॉल्यूम, म्हणजे व्ही, खाली, म्हणून सगळे क्यू वाढवायच्या मागे लागतात. तुझ्यासाठी ते फुकट आहे. रूम टेंपरेचरला तुझ्या डॉटच्या पीएलची रुंदी २५ नॅनोमीटर तरी असेल, ६२० भागिले २५ म्हणजे डॉटचा स्वतःचाच क्यू २५. त्याला १०००० क्यूची कॅव्हिटी दिलीस तर डॉटच्या रंगातला एक केसाएवढा भाग फक्त कॅव्हिटीला दिसेल. माझा डॉट थंडीत इतका अरुंद रंग देतो की कॅव्हिटीच त्याच्यापेक्षा रुंद असते, म्हणून मला क्यू चालतो. तुला व्हॉल्यूम लहान करायला हवं, आणि ते धातूशिवाय होत नाही. म्हणून रूम टेंपरेचरवाले लोक सोन्याच्या फिल्मवर चांदीचे छोटे क्यूब ठेवतात आणि मधल्या काही नॅनोमीटरच्या फटीत डॉट अडकवतात. ड्यूक युनिव्हर्सिटीतल्या मिकेल्सन यांच्या ग्रुपने २०१५ मध्ये अशा फटीत पाचशेपटीहून जास्त वेग आणि त्याबरोबर उजेडही कित्येक पट वाढलेला दाखवला. दोन्ही एकदम वाढले, तेच बघायचं असतं. म्हणजे धातू वाईट नाही, पण त्या फटीत क्यूब-फिल्मची जोडी अँटेना बनून इतक्या वेगाने प्रकाश बाहेर फेकते की मागच्या दाराला चान्स कमी मिळतो. नुसता गोल कण तेवढा तगडा नाही.

जाता जाता, पर्सेलसाहेबांनी १९४६ मध्ये जे लिहिलं ते एका परिच्छेदाचं टिपण होतं आणि त्यात प्रकाश, डॉट काही नाही, न्यूक्लियर स्पिन आणि रेडिओ लहरी. १० मेगाहर्ट्झला स्पिन आपोआप शांत व्हायला ५ गुणिले १० चा २१ वा घात इतके सेकंद लागतील, म्हणजे विश्वाच्या वयाच्या दहा हजारपट, असं सांगून पुढे म्हणतात की त्यात धातूचे बारीक कण मिसळले तर काही मिनिटांत होईल. धातूचे कण! काजवा, तू अगदी मूळ परंपरेत आहेस.

टीव्हीवाला_नाशिक

मला फिजिक्स फार कळत नाही, डिस्प्लेच्या धंद्यात आहे. क्यूएलईडी म्हणून जे टीव्ही दुकानात मिळतात त्यात असलं काही असतं का? वेग वाढवला तर टीव्ही जास्त ब्राइट होईल ना?

चार_केल्विन

नाही दादा. दुकानातला क्यूएलईडी म्हणजे मुळात एलसीडीच, मागे निळे एलईडी आणि मध्ये डॉटची फिल्म, ती निळ्यातून लाल-हिरवा करते. डॉट २० नॅनोसेकंदात मोकळा होतो म्हणजे एक डॉट सेकंदाला ५ कोटी फोटॉन देऊ शकतो. फिल्ममधल्या डॉटला निळा फोटॉन त्याच्या मानाने फारच कधीतरी मिळतो. वर्गात पोरगं तासाला एकदा येत असेल तर दार रुंद करून दिवसाची हजेरी वाढत नाही. तिथे प्रकाश बाहेर काढणं महत्त्वाचं. वेग लागतो तो आम्हाला, सिंगल फोटॉनवाल्यांना, कारण डॉट रेंगाळला की आजूबाजूच्या धक्क्यांनी फोटॉन एकसारखे राहत नाहीत. आणि लागतो ज्यांना डॉटने फटाफट उघडझाप करून डेटा पाठवायचाय त्यांना.

टीव्हीवाला_नाशिक

म्हणजे गिऱ्हाइकाला पर्सेल सांगून टीव्ही विकता येणार नाही 😅 धन्यवाद ताई.

खडू_डस्टर

काजवा, ताईंचा हा शेवटचा मुद्दा तुझ्याही कामाचा आहे. लेसरची पॉवर हळूहळू वाढवत पीएलचा ग्राफ काढ, काचेवर आणि स्पेसरवर दोन्हीकडे. कमी पॉवरला रेषा सरळ जाते, तिथे यील्ड, शोषण आणि गोळा करणं एवढंच दिसतं. जिथे रेषा वाकते तिथे वर्ग भरलेलेच असतात, तिथे दाराच्या रुंदीचा खरा फरक कळतो. फक्त जपून, पॉवर जास्त झाली की डॉट जळतात आणि मग तू ब्लीचिंगलाच सॅच्युरेशन समजशील. वर जाताना एकदा आणि खाली येताना एकदा मोज, दोन रेषा जुळल्या पाहिजेत.

बीकर_बाई

आणि प्रत्येक सँपलवर दहा-पंधरा जागी मोज रे बाबा. स्पिन कोटच्या कडेला डॉटची रिंग जमते, तिथे फोकस केलं की कोणताही सँपल चमत्कार दाखवतो.

काजवा_एमएस्सी

अपडेट द्यायला आलोय, नऊ दिवस झाले. पीव्हीएवर नवीन सँपल केले, जाडी एएफएमने (बारीक सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या मायक्रोस्कोपने) ओरखडा काढून मोजली, एक ९ नॅनोमीटर आणि एक २२. प्रत्येकी बारा जागी मोजलं. ९ वाल्यात ५३२ च्या लेसरला सरासरी २.४ पट पीएल, ४०५ ला १.२ पट. लाइफटाइम ११. म्हणजे सर तुमचंच खरं निघालं, वाढ बहुतेक सगळी लेसरच्या बाजूची. २२ वाल्यात ५३२ ला दीडपट आणि लाइफटाइम १६. पॉवरचा ग्राफ अजून काढायचाय, मशीनवर नंबर लागला नाहीये.

गाइडना दीड पोराचा हिशोब दाखवला. आधी थोडे चिडले, मग पाच मिनिटं गप्प बसून कागदावर काहीतरी खरडलं आणि म्हणाले रिपोर्टमधून पर्सेल शब्द काढ आणि टायटलमध्ये एक्सायटेशन एन्हान्समेंट लिही. मित्र अजून म्हणतो ११ म्हणजे थोडा तरी पर्सेल आहेच. आहे का?

चार_केल्विन

अरे मस्त काम केलंस! थोडा असू शकतो. पण ४०५ चं १.२ आणि लाइफटाइम १८ वरून ११, दोन्ही एकत्र मांडून बघ. एकूण वेग ०.०५६ चा ०.०९१ झाला. १.२ सगळं यील्डमधून आलं असं धरलंस तर यील्ड ६० टक्के, पुढचं दार ०.०५५, म्हणजे जवळपास दुप्पट. आणि १.२ हे कणांनी प्रकाश लेन्सकडे वळवल्यामुळे आलं असेल तर पुढचं दार त्याहून कमी. काचेवरच्या डॉटचा बहुतांश प्रकाश काचेतच जातो, कण त्यातला थोडा वर पाठवत असतील. शिवाय ४०५ ला सोनं स्वतः थोडा लेसर खातं, तो परिणाम उलट दिशेला. म्हणून एकच आकडा सांगू नकोस, "एक ते दोनच्या मध्ये" लिही आणि का ते लिही. परीक्षक शहाणा असेल तर त्यावरच खूश होईल. पुढे कोणी हे काम चालू ठेवणार असेल तर त्याला गोल कणांऐवजी सोन्याचे नॅनोरॉड घ्यायला सांग, लांबी बदलून प्लाझमॉन ६२० वर आणता येतो.

बीकर_बाई

एक विचारायचं राहिलं. डॉट न टाकता नुसतं सोनं आणि पीव्हीए, असा कोरा सँपल मोजलायस ना? ५३२ मारल्यावर सोनं स्वतःही हलकंसं चमकतं, थोडं लाल.

काजवा_एमएस्सी

...उद्या मोजतो ताई.